‘मारहाण’ला इंग्रजीत ‘असॉल्ट’ म्हणावं का?

ताई, तुमचा प्रश्न मोठा होता. बाकीच्यांना कळावा म्हणून आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही जुळे सोलापुरात राहता. २०२२ च्या उन्हाळ्यात रात्री नळाला पाणी आलं, मोटार कुणी आधी लावायची यावरून शेजाऱ्यांशी भांडण झालं, तुमच्या भावाने शेजाऱ्याला दोन चापट्या मारल्या. शेजाऱ्याने चौकीत जाऊन एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद केली, कलम ३२३, ५०४, ५०६ (दुखापत, अपमान, धमकी). पुढे दोन्ही घरांत बोलणं सुरू झालं, विषय मिटला. आता भाऊ कॅनडाला जायचं बघतोय. एजंटाने एनसीचं इंग्रजी भाषांतर मागितलं. भाषांतर करणाऱ्याने वर मथळा टाकला ‘एफआयआर फॉर असॉल्ट’. तुम्ही शब्दकोश उघडला तर त्यात ‘हिंसक हल्ला’ असा अर्थ. तुमचं म्हणणं, दोन चापट्यांना हिंसक हल्ला कसं म्हणायचं? आणि या एका शब्दामुळे पोराचा व्हिसा अडकेल का?

मी सव्वीस वर्षं सोलापूरच्या कोर्टातल्या कागदांची मराठीतून इंग्रजीत भाषांतरं करतोय. फिर्याद, पंचनामा, जबाब, निकालपत्र. खालच्या कोर्टाचं काम मराठीत चालतं आणि अपील वर गेलं की तेच कागद इंग्रजीत लागतात. पूर्वी मुंबईला उच्च न्यायालयात जायचे, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला त्याचं सर्किट बेंच आहे. मी वकील नाही. तेव्हा शब्दाबद्दल ठामपणे बोलेन, व्हिसाबद्दल जपून.

तुमचा खरा प्रश्न ‘असॉल्ट म्हणजे काय’ हा नाहीच. तो शब्द कुणाच्या तोंडचा, हा प्रश्न आहे. वर्तमानपत्राचा असॉल्ट वेगळा, आपल्या दंड संहितेचा वेगळा, कॅनडाच्या कायद्याचा आणखी वेगळा. शब्दकोशात तुम्हाला दिसला तो पहिला.

आपल्या कायद्यापासून सुरू करू, कारण कागद आपल्याकडचा आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत कलम ३५१ मध्ये असॉल्टची व्याख्या होती. अधिकृत मराठी पाठात त्याला ‘हमला’ म्हटलंय. व्याख्येचा गाभा असा: समोरच्या माणसाला ‘हा आता आपल्यावर बळ वापरणार’ अशी धास्ती वाटेल असा हावभाव किंवा तशी तयारी करणं, आणि ती धास्ती वाटावी हा हेतू असणं किंवा वाटेल याची जाणीव असणं. झालं, एवढंच. हात लागायची गरज नाही. कायद्यातच उदाहरणं दिली आहेत. एकाने दुसऱ्यासमोर मूठ उगारली. एकाने चावऱ्या कुत्र्याच्या तोंडाची मुसकी सोडायला सुरुवात केली. एकाने ‘तुला आता बडवतो’ म्हणत काठी उचलली. तिन्ही ठिकाणी अजून कुणालाही काही लागलेलं नाही, तरी हमला पूर्ण झालेला आहे.

नुसते शब्द मात्र हमला होत नाहीत. लांबून कितीही बोंबललात तरी नाही. पण शब्दांमुळे हातवाऱ्याला अर्थ येतो, हेही तिथेच लिहिलंय. उलटही होतं. इंग्लंडमधला १६६९ चा एक खटला आहे. एकाने तलवारीच्या मुठीवर हात ठेवला आणि म्हणाला, न्यायाधीश गावात आले नसते तर तुझं हे बोलणं ऐकून घेतलं नसतं. कोर्ट म्हणालं, हा असॉल्ट नाही, कारण न्यायाधीश गावात आहेत, म्हणजे तो आत्ता काही करणार नाही असं स्वतःच सांगतोय. आपल्याकडे ‘आई घरात आहे म्हणून सोडलं, नाहीतर दाखवलं असतं’ हे वाक्य गल्लोगल्ली ऐकू येतं, ते याच जातीचं.

मग प्रत्यक्ष हात पडला की काय? तो ‘फौजदारीपात्र बलप्रयोग’, आणि त्याने अंगाला वेदना झाली की ‘दुखापत’, इंग्रजीत ‘हर्ट’. कलम ३२३ हे दुखापतीचं. म्हणजे तुमच्या भावाच्या कागदावर जे कलम आहे त्याचं इंग्रजी नाव ‘व्हॉलंटरिली कॉझिंग हर्ट’ आहे. त्यात असॉल्ट हा शब्दच नाही.

आणखी एक गंमत बघा. साध्या हमल्याला, कलम ३५२ खाली, शिक्षा जास्तीत जास्त तीन महिने. ३२३ च्या दुखापतीला एक वर्षापर्यंत. ऐकायला असॉल्ट भारी वाटतो, पण आपल्या संहितेत तो हलका गुन्हा आहे. भाषांतरकाराने तुमच्या भावावर मोठा आळ घातला असं तुम्हाला वाटतंय. कायद्याच्या भाषेत त्याने आळ छोटा केलाय आणि परदेशातल्या वाचकाच्या डोळ्यांत मोठा केलाय. दोन्हीकडून चूक.

इथे नवीन मुलं हमखास घसरतात म्हणून आकड्यांचंही सांगतो. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. हमल्याची व्याख्या आता कलम १३० मध्ये आहे, शिक्षा १३१ मध्ये. दुखापतीची शिक्षा ११५(२) मध्ये. पण जुने ३५१ आणि ३५२ हे आकडे नव्या संहितेतही आहेत, अर्थ मात्र पार बदललेत. नव्या संहितेत ३५१ म्हणजे धाकदपटशा आणि ३५२ म्हणजे शांतताभंग व्हावा म्हणून केलेला अपमान, अर्थात जुनी ५०६ आणि ५०४. तुमचं प्रकरण २०२२ चं, त्यामुळे त्याला जुनेच आकडे राहणार. कुणी ‘अपडेट करून देतो’ म्हणाला तर हात जोडून नको म्हणा.

आता शब्दाच्या पोटात जरा शिरू. असॉल्ट इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, आणि तिथे लॅटिनमधून. मूळ अर्थ ‘कडे उडी घेणे’, म्हणजे झेप घालणे. ‘इन्सल्ट’ हाही त्याच उडीचा भाऊ, अंगावर उडी मारण्यातून अपमानाकडे गेलेला. हे वाचलं तेव्हा मला आपल्या फिर्यादीतलं एक वाक्य आठवलं, जे मी हजारदा तरी टाइप केलं असेल: ‘शिवीगाळ करीत माझ्या अंगावर धावून आला.’ मराठी बोलणाऱ्या माणसाकडे असॉल्टला नेमका शब्द आहे, आणि तो ‘मारहाण’ नाही, ‘हल्ला’ही नाही. तो आहे ‘अंगावर धावून जाणे’. झेप आहे, धास्ती आहे, स्पर्श अजून व्हायचाय. अधिकृत पाठातला ‘हमला’ अरबीतून आलेला, आणि आपल्या कानाला तो जरा हिंदी बातम्यांतला वाटतो. साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून कुणी मोहोळचा, बार्शीचा माणूस ‘माझ्यावर हमला केला’ म्हणताना मी ऐकलेला नाही. तो म्हणतो, ‘काठी घेऊन अंगावर आला साहेब.’

या वाक्याने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलंय. सुरुवातीची वर्षं होती. भीमेच्या वाळूचं प्रकरण, तलाठ्याची फिर्याद, सरकारी कामात अडथळा, कलम ३५३. आरोपी ट्रॅक्टरवरून उतरला आणि तलाठ्याच्या अंगावर धावून गेला. मी इंग्रजीत लिहिलं, ‘रॅन ओव्हर हिम’. ट्रॅक्टरच्या प्रकरणात ‘रॅन ओव्हर’! वाचणाऱ्याला वाटणार तलाठ्याच्या अंगावरून ट्रॅक्टर गेला. ज्या वकिलांसाठी काम केलं होतं त्यांनी मला बोलावून शांतपणे विचारलं, ‘मग हा मेलेला माणूस सही कशी करतोय?’ नशीब, कागद अजून दाखल झाला नव्हता. तेव्हापासून ते वाक्य आलं की मी ‘रश्ड ॲट हिम’ लिहितो, आणि जिथे ३५२ किंवा ३५३ लागलेलं असेल तिथेच असॉल्ट हा शब्द वापरतो.

तुमच्या एनसीतलं वाक्य तुम्ही उतरवून दिलंय ते बरं केलंत. ‘यातील गैरअर्जदार याने पाणी भरण्याचे कारणावरून शिवीगाळ करून, अंगावर धावून येऊन, हाताने मारहाण करून तुला बघून घेतो अशी धमकी दिली. अर्जदारास कोर्टात दाद मागण्याची समज दिली.’ प्रत्येक ठाण्याचा हा साचा, फक्त कारण बदलतं. आता तुकडे पाडू.

‘शिवीगाळ करून’ म्हणजे ‘अब्यूज्ड’, पण नुसतं अब्यूज लिहिलं तर हल्ली परदेशात त्याचा अर्थ भलतीकडे जातो. ‘युझिंग अब्यूसिव्ह लँग्वेज’ लिहावं. हे ५०४ चं अंग. ‘अंगावर धावून येऊन’ म्हणजे झेप, ‘रश्ड ॲट’. ‘हाताने मारहाण करून’ म्हणजे ‘बीट हिम विथ हँड्स’. इथे ‘हाताने’ हा शब्द गाळू नका, तोच तुमच्या भावाच्या बाजूचा आहे. काठी नव्हती, पाइप नव्हता, हत्यार नव्हतं, एवढं तो एक शब्द सांगतो. हत्यार असतं तर कलम ३२४ लागलं असतं आणि गोष्ट एनसीवर थांबली नसती. लाथाबुक्क्या असत्या तर ‘किक्स अँड फिस्ट ब्लोज’ असं लिहायची पद्धत आहे.

‘बघून घेतो’चं ‘आय विल सी यू’ केलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. इंग्रजी वाचणाऱ्याला वाटेल, पुन्हा भेटू म्हणाला, सभ्य माणूस दिसतो. ‘थ्रेटन्ड दॅट ही वुड डील विथ हिम’ एवढं पुरे. काहीजण तिथे ‘डायर कॉन्सिक्वेन्सेस’ ठोकून देतात, ते पोलिसी इंग्रजी आहे. मूळ वाक्यात परिणाम भयंकर असतील असं कुठेही नाही, आणि मी ते पदरचं घालत नाही.

शेवटची ओळ तुमच्यासाठी सगळ्यात मोलाची, आणि तुमच्या भाषांतरात तीच गायब आहे. ‘कोर्टात दाद मागण्याची समज दिली’ म्हणजे पोलिसांनी तपास सुरू केला नाही, कारण गुन्हा अदखलपात्र. मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय त्यांना तपास करता येत नाही, म्हणून फिर्यादीला सांगितलं, तुला वाटलं तर तू कोर्टात जा. एनसी आणि एफआयआर यांतला फरकच हा. मथळ्यात ‘एफआयआर’ लिहिणं ही असॉल्टपेक्षा मोठी चूक आहे, आणि तुम्ही विचारलंत असॉल्टबद्दल! मूळ कागदावर ‘अदखलपात्र गुन्ह्याची खबर’ असंच छापलेलं असणार. त्याचं इंग्रजी ‘रिपोर्ट ऑफ अ नॉन-कॉग्निझेबल ऑफेन्स’.

आता कॅनडा. इथे माझं म्हणणं थोडं उलटं फिरतं. कॅनडाच्या क्रिमिनल कोडचं कलम २६५ असॉल्टची व्याख्या करतं आणि तिची पहिलीच पायरी अशी आहे की समोरच्याच्या संमतीशिवाय त्याच्यावर जाणूनबुजून बळ वापरणं. म्हणजे प्रत्यक्ष मारणंही त्यातच, अंगावर धावून जाणंही त्यातच. (हत्यार उघडपणे बाळगून भीक मागणं हाही त्यांच्याकडे असॉल्ट आहे, हे वाचून मी खुर्चीतच हसलो होतो.) इंग्लंडमध्ये पुस्तकी भाषेत धास्ती म्हणजे असॉल्ट आणि स्पर्श म्हणजे बॅटरी, पण रोजच्या व्यवहारात ‘कॉमन असॉल्ट’ म्हणून दोन्ही चालतं. अमेरिकेत राज्याराज्याला वेगळं.

मग कॅनडाच्या दृष्टीने त्या दोन चापट्या असॉल्टच, तर भाषांतरकार बरोबर का? नाही. भाषांतरकाराचं काम कागदावर जे आहे ते सांगणं. आपल्या ३२३ ला त्यांच्या कुठल्या कलमाशी जोडायचं हे ठरवणं तिथल्या अधिकाऱ्याचं काम, फार तर तुमच्या वकिलाचं. आपण हर्ट लिहायचं, मजकूर सरळ ठेवायचा, तुलना त्यांना करू द्यायची. आपणच आधी असॉल्टचा शिक्का मारला की त्यांचं काम आपण, तेही आपल्याविरुद्ध, करून ठेवतो. आणि मुद्दाम सौम्य करायचं म्हणून ‘मारहाण’चं ‘आर्ग्युमेंट’ करणं तर त्याहून वाईट. तसं सांगणारे एजंट आहेत. मूळ प्रत शेजारी ठेवून कुणी मराठी वाचणाऱ्याने तपासलं तर खोटेपणाचं वेगळंच लचांड मागे लागतं.

व्हिसा अडकेल का, हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे आणि तुमच्या मजकुरात त्या नाहीत. शेजाऱ्याने नंतर कोर्टात खाजगी फिर्याद टाकली होती का? टाकली असेल आणि तडजोडीने मिटली असेल, तर कायद्याने तिचा परिणाम निर्दोष सुटका असा होतो, पण तो हुकूम हातात हवा. दुसरं, त्या वेळी पोलिसांनी दोघांवर चॅप्टर केस केली होती का, म्हणजे शांतता राखण्याच्या बाँडची? आपल्याकडे एनसीच्या पाठोपाठ ती पुष्कळदा होते आणि माणूस पार विसरून जातो. तिसरं, फॉर्ममधला प्रश्न नेमका काय आहे. दोषी ठरलात का, आरोप ठेवला गेला का, अटक झाली का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि काही फॉर्ममध्ये ते एका दमात विचारतात. एनसीवर नुसती नोंद होते, ती म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे. पण ‘पोलिसांकडे कधी काही नोंद झाली का’ असं विचारलं असेल तर ‘नाही’ म्हणणं खोटं ठरेल. तो प्रश्न शब्दशः घेऊन कॅनडाच्या कामातल्या वकिलाला दाखवा. मी तिथे थांबतो.

तुम्ही शेवटी विचारलंत की मग हा शब्द वापरायचा तरी कुठे. वर्तमानपत्रांत ‘प्राणघातक हल्ला’ला ‘मर्डरस असॉल्ट’ म्हणतात, तिथे तो खरोखर हिंसक हल्लाच असतो आणि कलम बहुधा खुनाच्या प्रयत्नाचं. ‘अटॅक’ त्याहून सैल: कुत्र्याचा, आजाराचा, टीकेचा, सगळ्यांचा अटॅक होतो, असॉल्टला बहुतेक वेळा माणूस लागतो. दोन्ही बाजूंनी हात चालले असतील तर ती हाणामारी, तिथे एकतर्फी असॉल्ट लिहिणं म्हणजे आपणच निकाल देणं. धक्काबुक्कीला आपल्याकडची इंग्रजी पत्रं ‘मॅनहँडल’ लिहितात, ते चालतं.

पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याची गोष्ट मात्र एकदम वेगळी. २०१२ च्या त्या कायद्यात ‘सेक्शुअल असॉल्ट’ला लैंगिक हेतूचा शारीरिक संपर्क लागतो, म्हणजे जुन्या ३५१ च्या बरोब्बर उलट. त्या संपर्कात त्वचेला त्वचा लागलीच पाहिजे का यावर वाद झाला, आणि तशी गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. एकाच देशाच्या दोन कायद्यांत एकाच शब्दाचे दोन अर्थ. म्हणून मी कुठलाही कागद हातात घेतला की आधी कलम बघतो, शब्द मागून.

सिव्हिल हॉस्पिटलमधून आणलेल्या केसपेपरवर ‘अलेज्ड हिस्ट्री ऑफ असॉल्ट’ असतं, त्यावरून लोक माझ्याकडे रागाने येतात. डॉक्टरने आमच्यावर संशय घेतला म्हणतात. तसं काही नाही. ‘अलेज्ड’ म्हणजे रुग्णाच्या सांगण्यावरून, कारण डॉक्टर भांडणाच्या जागी नव्हते. आणि तिथला असॉल्ट म्हणजे साधी मारहाण. डॉक्टर दंड संहिता उघडून लिहीत नाहीत, लिहूही नये.

लढाईतला असॉल्ट तर अजून लांबचा. आपल्या सोलापूरवर मे १८१८ मध्ये इंग्रज सेनापती मन्रोची फौज आली आणि पेठेच्या तटाला शिड्या लावून आत शिरली, त्याला इंग्रज असॉल्ट म्हणतात. मराठीत त्याला हल्ला, चढाई, आणि सगळ्या बाजूंनी एकदम असेल तर सुलतानढवा. एका विद्यार्थ्याने इतिहासाच्या उताऱ्यात ‘किल्ल्याला मारहाण केली’ असं लिहून आणलं होतं. गुण कापावेत की द्यावेत, मला कळेना.

तुमचं काम आता एवढंच. मूळ एनसीची साक्षांकित प्रत ठाण्यातून पुन्हा घ्या, तुमच्याकडचा कार्बनचा कागद पुसट झालाय असं तुम्हीच लिहिलंय. भाषांतरकाराकडे जाऊन मथळा बदलून घ्या, ३२३ पुढे ‘हर्ट’, ५०४ पुढे ‘इंटेन्शनल इन्सल्ट’, ५०६ पुढे ‘क्रिमिनल इंटिमिडेशन’ लिहायला सांगा, आणि ‘समज दिली’ची ओळ त्यात आहे का ते स्वतः बोट ठेवून बघा. ‘समज’चं ‘अंडरस्टँडिंग वॉज गिव्हन’ केलं असेल तर तेही बदला. तिथे ‘वॉज अडव्हाइज्ड’ हवं. दुरुस्तीचे पैसे मागितले तर देऊ नका, चूक त्याची आहे.